दादाचं रंगीत कार्ड

माझे वडील नुसतं "लाल" असं कधी म्हणाले नाहीत. त्यांचा लाल पिकल्या कोकमाचा असायचा, नाहीतर विटेचा, नाहीतर बेडगी मिरचीचा. आईने नवं पातळ आणलं की ते आधी खिडकीशी नेत, उजेडात धरत, आणि मगच "बरा आसा" म्हणत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लालबागकडच्या एका कापड गिरणीत ते डिझाइन खात्यात होते. साड्यांचे काठ आणि पदर काढणं हे त्यांचं काम. बारीक चौकटींचा मोठा कागद समोर ताणून लावायचा आणि उंदराच्या शेपटीएवढ्या ब्रशाने एकेक चौकोन भरत जायचं. एक चौकोन म्हणजे एक धागा. जवळून बघितलं तर नुसते रंगीत ठिपके दिसायचे. चार पावलं मागे गेलं की त्यातून कोयरी निघायची, मोर निघायचा, भरजरी वेल निघायची. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच वडील असं काहीतरी करतात.

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली पिठाची गिरणी. सकाळी तिचा पट्टा सुरू झाला की आमच्या मांडणीवरची भांडी बारीक किणकिणायची आणि गरम पिठाचा वास जिन्यातून वर यायचा. आई भांडुपच्या म्युनिसिपल शाळेत शिकवायची. सकाळची शाळा असल्यामुळे दुपारी ती घरी असे आणि दुपारचं जेवण आमच्याकडे रात्रीच्या जेवणापेक्षा मोठं असे. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, रविवारी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. अण्णा मालवणकडचे. मुंबईत आयुष्य गेलं तरी रागावले किंवा गहिवरले की ते मालवणीत शिरायचे. इतर वेळी ते फारसं बोलतच नसत. आईच त्या दोघांच्या वाटचं बोलायची.

मग गिरण्यांचा संप झाला, संप लांबला, आणि अण्णांच्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. त्यावर इतक्या लोकांनी लिहिलं आहे की मी वेगळं काही सांगत नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं तर अण्णा काही काळ अंधेरीच्या एका छपाई कारखान्यातून काम घरी आणत. खिडकीशी पाट, पाटावर कागद, बाजूला रंगांच्या वाट्या. त्या वाट्यांना हात लावायची आम्हाला बंदी होती. त्याच दिवसांत त्यांचा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला. मग मनगट. रंग चौकटीची रेघ ओलांडून शेजारच्या घरात जाऊ लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. एका दुपारी अण्णांनी ब्रश धुतले, धोतराच्या जुन्या तुकड्याने कोरडे केले आणि कपाटावर टाकून दिले. आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा ताटात बघितलं. त्यानंतर अण्णा दिवसभर खिडकीत बसून राहायचे, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून.

माझा भाऊ मिलिंद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. कॉमर्सला गेला होता, पण जीव सगळा यंत्रांत. घाटकोपरला एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता, तिथे आधी शिकायला गेला आणि मग तिथेच शिकवायला लागला. त्या काळी अशा क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावं लागायचं, देवळासारखं. आतमध्ये एसी, जमिनीवर गालिचा, आणि एका मशीनपुढे दोन दोन पोरं. क्लासने नवी मशीनं घेतली तेव्हा सगळ्यात जुनं मशीन दादाने मागून घेतलं आणि टॅक्सीत घालून घरी आणलं. तीन मजले चढवताना तो आणि वॉचमन दोघंही घामाघूम झाले. आमच्या बिल्डिंगमधला तो पहिला कॉम्प्युटर. आठवडाभर लोक बघायला येत होते आणि प्रत्येक जण विचारायचा, "यात पिक्चर लागतो का?" दादा हसत सांगायचा, "पिक्चर नाय लागत. पण हिशेब झकास करतो." आईने मशीनला हळदकुंकू लावलं. अण्णांनी खिडकीतून एकदा मान वळवून पाहिलं, एवढंच.

दादा संध्याकाळी क्लासवरून आला की चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचा. बेसूर गुणगुणायचा आणि टाइप करायचा. काय करतोय विचारलं तर "थांब ना, नंदे," एवढंच उत्तर. बरेच दिवस असं चाललं. मग एका रविवारी, आंबोळ्या खाऊन झाल्यावर, तो अण्णांपुढे जाऊन उभा राहिला.

"अण्णा, इथे बसा ना जरा."

"माका नको तुझो टीव्ही."

"टीव्ही नाय ओ तो. बसा तर. नाय आवडलं तर उठा."

अण्णा बसले. पडद्यावर हिरव्या रेघांच्या बारीक चौकटी होत्या, अगदी त्यांच्या कागदासारख्या. दादाने त्यांचं बोट धरून बाणांच्या बटणांवर ठेवलं. बटण दाबलं की एक ठिपका चौकटीचौकटीतून सरकायचा आणि दुसरं बटण दाबलं की तो चौकोन भरायचा. अण्णांचं बोट थरथरत दोनदोन तीनतीनदा बटणावर आपटत होतं, पण मशीन ते एकदाच धरत होतं. ती सोय दादाने मुद्दाम केली होती. याबद्दल तो कधी कुणाला बोलला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मी स्वतः प्रोग्रामिंग शिकले तेव्हा त्याचं काम वाचताना मला ते कळलं, आणि ऑफिसात सगळ्यांसमोर मला बाहेर उठून जावं लागलं.

अण्णांनी एक ओळ भरली. मग तिच्यावर दुसरी. आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बघता बघता पडद्यावर एक छोटी कोयरी उमटली, कडा अगदी स्वच्छ. अण्णा चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी त्यांच्या हातून सरळ रेघ निघाली होती! आम्हाला वाटलं आता ते काहीतरी बोलतील.

"सगळा शेवाळ," अण्णा म्हणाले. "रंग खंय आसत?"

दादाला हसू आवरेना. "आणतो ओ. रंगपण आणतो."

रंग आणणं इतकं सोपं नव्हतं. आमचा पडदा हिरवाच दाखवणारा, आणि मशीनच्या आतलं चित्र काढणारं कार्डही तेवढ्यापुरतंच. दादाने अंधेरीच्या एका ऑफिसातून वापरलेला रंगीत मॉनिटर मिळवला आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरापर्यंत आला. कार्ड मात्र इथे मिळेना. त्याचा एक मित्र बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून ते आणून दिलं. हातभर लांबीची हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपांच्या रांगा. सोळा रंग दाखवतं, दादा म्हणाला. अण्णांनी "सोळा?" असं विचारलं आणि जरा वेळाने स्वतःशीच म्हणाले, "भागवता येतील."

ज्या दिवशी ते बसवायचं होतं त्या संध्याकाळी आईने शिरा केला होता. दादाने मशीनचं झाकण काढलं, जुनं कार्ड उपसलं, नवं कार्ड खाचेत दाबून बसवलं. अण्णा आधीच खुर्ची ओढून बसले होते, धुतलेला सदरा घालून. बटण दाबलं. पंखा घुमला. मग आतून एक लांब शिटी आली आणि तिच्यामागे दोन आखूड. पडदा काळाच. दादाने बंद केलं, कार्ड पुन्हा दाबलं, पुन्हा चालू केलं. एक लांब, दोन आखूड.

"वाट लागली," दादा पुटपुटला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"त्याला कार्डच दिसत नाहीये."

शिरा आम्ही खाल्ला. अण्णांनी सदरा काढून खुंटीला लावला.

त्यानंतरचे कितीतरी दिवस आमच्या घरात ती शिटी वाजत राहिली. मशीनच्या आत खाली जी मोठी पाटी असते, मदरबोर्ड, तिच्यावर नखाएवढे पांढरे खटके होते. कुठल्या जातीचा पडदा जोडला आहे हे त्या खटक्यांनी सांगायचं असतं. दादाने ते सगळ्या तऱ्हेने फिरवून पाहिले. जुनं कार्ड घातलं की मशीन निमूट चालायचं, हिरवं. नवं घातलं की शिटी. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय गं, पोपट पाळलाय का तुम्ही?" दादा क्लासमध्ये विचारून आला, फोर्टमध्ये कुणालातरी भेटून आला, कार्डाबरोबर आलेलं पुस्तक वाचून त्याची पानं सुटली. शेवटी एका संध्याकाळी चपला न काढताच आत आला.

"सापडलं! अण्णा, बोर्ड जुना आहे आणि कार्ड नवं. या बोर्डावर एक चिप असते. मशीन सुरू झालं की कोण कोण जोडलंय ते ती बघत फिरते. आपली चिप इतकी जुनी आहे की अशी कार्डं असतात हेच तिला माहीत नाही. कार्ड आतच आहे, पण ही त्याला हाकच मारत नाही."

"मग बोर्ड बदलूक व्हयो?" अण्णा म्हणाले.

"नाही ओ. नुसती चिप बदलायची. नवी मिळाली की झालं."

नवी चिप आमच्या बोर्डाला चालेल अशी हवी होती, आणि ती तयार करून देणारा माणूस लॅमिंग्टन रोडला एका माडीवर बसायचा. दादा क्लास सुटला की घाटकोपरहून उलटा तिकडे जायचा. कधी तो माणूस नसायचा, कधी लाइट नसायची, कधी चिप तयार व्हायची पण चालायची नाही. दादा घरी यायचा तो भिंतीला टेकूनच बसायचा. डबा अर्धा परत येऊ लागला. "बाहेर खाल्लंस काय रे?" आई विचारायची. "नाही गं, भूकच नाही." तोंड कडू झालंय म्हणायचा. आम्ही सगळ्यांनी ते धावपळीवर ढकललं.

एका रविवारी सकाळी तो उठून टेबलाशी बसला आणि खिशातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढली. आत काळ्या स्पंजात टोचून ठेवलेली चिप होती, दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा, घोणीसारखी. "बघा अण्णा, हीच ती."

अण्णांनी चिपेकडे बघितलंच नाही. ते दादाच्या तोंडाकडे बघत होते.

"मिलिंद, उजेडात ये."

"काय ओ?"

"हय खिडकीत ये. डोळे वर कर."

दादाने हसत हसत डोळे वर केले. अण्णांचा हात त्याच्या हनुवटीखाली होता आणि तो इतका हलत होता की दादाचा सगळा चेहरा हलत होता. "अगो," अण्णांनी आईला हाक मारली, "हय ये. ह्येच्या डोळ्यात हळद आसा."

आम्हाला कुणालाच तोवर दिसली नव्हती ती. अण्णांनी दाखवल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

कावीळ म्हटल्यावर तेव्हा कुणी घाबरायचं नाही. त्या वर्षी आमच्या आजूबाजूला घरटी एकाला कावीळ होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, उसाचा रस सांगितला, तेलतूप बंद केलं. आज कुणाला साधा ताप आला तरी रक्ताच्या तपासण्यांचा गठ्ठा निघतो. तेव्हा आम्ही पेज, ताक आणि मुळ्याच्या पाल्यावर विसंबून होतो, आणि पुष्कळांना त्यानेच बरं वाटायचं. आईने सगळ्यांचंच तेल बंद केलं. एकट्याचंच बंद केलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणाली. घरात फोडणीचा आवाज थांबला. तो आवाज घरात किती असतो हे तो थांबल्यावर कळतं. खालची पिठाची गिरणी आणि वर आमचं मिळमिळीत, शांत घर.

दादाची खाट आम्ही बाहेरच्या खोलीत टेबलाजवळ घेतली होती. मशीन उघडंच पडलं होतं. दोनेक दिवस गेल्यावर तो म्हणाला, "नंदे, तू बसव. मी सांगतो."

"मी? मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं यार. हात लाव."

त्याने मला आधी मशीनच्या पत्र्याला हात टेकवायला लावला, अंगातली वीज चिपेत जाऊ नये म्हणून. मग जुनी चिप कशी काढायची ते सांगितलं. स्क्रूड्रायव्हर एका टोकाखाली घाल, जरासं उचल. आता दुसऱ्या टोकाखाली. घाई करू नको. एकदम खेचलीस तर पाय वाकतील. अण्णा माझ्या डोक्यावरून वाकून बघत होते आणि मधेच म्हणत होते, "हळू गो बाय, हळू." जुनी चिप हातात आली तेव्हा दादाने खाटेवरून टाळ्या वाजवल्या. नवी बसवतानाची एकच गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा बजावली. चिपेच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, ती बरोबर बाजूला यायला हवी. उलटी बसवून चालू केलं तर चिप जळते, आणि पुन्हा लॅमिंग्टन रोड. "उद्या करू," तो म्हणाला. "आज डोळे मिटतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळभर तो झोपलेला होता. आई शाळेत, त्या दिवशी शाळा सुटल्यावरही तिथे मीटिंग होती. दुपारी जागा झाला तेव्हा मी त्याला रस पाजला आणि डबी उघडून पुढे धरली. "दादा, खाच कुठल्या बाजूला?"

त्याने चिपेकडे बराच वेळ बघितलं. "खाच ना... पदराकडे."

मला हसू फुटलं. "पदर कुठेय यात?"

तो हसला नाही. शिकवताना बोलायचा तसा नीट, सावकाश बोलला. "आधी काठ लाव. मग पदर. आणि अण्णांना विचार, गिरणी सुटली का. पाऊस आहे, छत्री नेली नाही त्यांनी."

बाहेर लख्ख ऊन होतं. अण्णा त्याच्या पायाशी बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी दादाच्या पावलावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुटली रे झिला. आयलंय मी. हयच आसंय."

"भिजलात का?"

"नाय भिजलंय."

मी डॉक्टरांकडे धावत गेले. काविळीने यकृत पार निकामी केलंय आणि विष डोक्यात चढलंय, असं त्यांनी पुढे आईला सांगितलं. संध्याकाळपर्यंत दादा म्युनिसिपल हॉस्पिटलात होता. आई शाळेतून थेट आली, खांद्याला शबनम तशीच, बोटांना खडू. तिथे त्याने आईला ओळखलं, मला नाही. मग कुणालाच नाही. तो फार वेळ थांबलाच नाही. आदल्या दिवशी जो माणूस खाटेवर बसून टाळ्या वाजवत होता तो तिसऱ्या दिवशी नव्हता. चोवीस वर्षांचा होता. अण्णांच्या हातून अग्नी द्यायचा तर हातातलं लाकूड इतकं हलायला लागलं की माझ्या मामाने मागून त्यांचं मनगट धरलं. हे मला मामाने सांगितलं. बायकांना तेव्हा स्मशानात नेत नसत.

दिवस झाले, पाहुणे गेले. खाट पुन्हा आत गेली. आईने उघड्या मशीनवर आपलं जुनं लुगडं टाकलं होतं आणि आम्ही त्या टेबलाच्या बाजूने अंग चोरून जायचो. आई शाळेत जाऊ लागली. अण्णा खिडकीत. जेवणं होत होती, पण ताटं कशी वाढली जायची ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की दादाच्या काविळीपासून बंद केलेलं तेल आईने पुन्हा सुरूच केलं नव्हतं, आणि आम्ही कुणीही ते तिला सांगितलं नाही.

एका दुपारी ती शाळेतून आली, पाय धुतले आणि टेबलावरचं लुगडं काढून तिने त्याची घडी घातली.

"नंदा, हे बसव."

"आई, नको गं."

"का नको? कुणासाठी धावत होता तो? त्या लॅमिंग्टन रोडला कुणासाठी जात होता? हे असं आतडी काढून ठेवल्यासारखं माझ्याच्याने बघवत नाही. एकतर चालू करा, नाहीतर भंगारवाल्याला द्या." मग अण्णांकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही उठा तिथून. बसा तिच्याजवळ."

अण्णा उठले. मी डबी उघडली. खाचेचं कोडं तसंच होतं आणि उत्तर देणारा गेला होता. जुनी चिप मी काढली तेव्हा ती कशी होती हे मला काही केल्या आठवेना. अण्णांनी मशीनमध्ये डोकं घातलं. काठांचे धागे मोजायचं त्यांचं जुनं भिंग होतं, ते माझ्याकडून मागून घेतलं. हात हलत होता म्हणून मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ ते चिपेच्या रिकाम्या जागेभोवती बघत राहिले. मग म्हणाले, "हय बघ. पाटीवर पांढऱ्या रंगात चिपेचं चित्र छापलाहा. त्या चित्राक खाच आसा." खरंच होती. मागच्या भिंतीकडे. मी पत्र्याला हात टेकवला, चिप त्या चित्राप्रमाणे धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. करकरत आत गेली. मग खटके, मग कार्ड. सगळं दादाने सांगितलेल्या क्रमाने.

बटण दाबलं. पंखा घुमला. आम्ही तिघंही त्या शिटीची वाट बघत होतो. एकच आखूड शिटी आली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. मी दादाचा प्रोग्राम सुरू केला. चौकटी आल्या आणि त्यांच्याखाली सोळा रंगांचे सोळा तुकडे, एका ओळीत, दिवाळीच्या रांगोळीच्या पुड्यांसारखे. दादाने ते आधीच लिहून ठेवलं होतं, एकदाही डोळ्यांनी न बघता.

आई आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला.

अण्णा रंगांकडे बघत होते. "कच्चे आसत," ते हळू म्हणाले. आणि मग, "चलतीत."

तेव्हापासून ते रोज सकाळी आंघोळ करून मशीनपुढे बसू लागले. कच्चे रंग शेजारी शेजारी ठेवून ते त्यांतून तिसराच रंग काढायचे. एक चौकोन लाल, एक तपकिरी, आणि लांबून बघावं तर पिकलेलं कोकम. पहिला काठ पुरा व्हायला फार दिवस लागले. जांभळ्यावर पिवळी वेल आणि वेलीत उलटसुलट कोयऱ्या. कागदावर उतरवायची काही सोय नव्हती, रंगीत प्रिंटर तेव्हा कुठे होते? ज्याला बघायचं त्याने आमच्या घरी यायचं. काकू आल्या, आईच्या शाळेतल्या बाई आल्या. सगळे बघायचे, "अगदी खरी साडी वाटते हो" म्हणायचे, आणि आईकडे बघायचं टाळायचे.

अण्णा त्या मशीनवर पुढे कित्येक वर्षं काठ काढत होते, हात पूर्ण थकेपर्यंत. लोक मला विचारतात की ते सगळे कुठे आहेत, जपून ठेवायला हवे होते. आता एकही नाही. शेवटचा त्या मशीनबरोबर गेला, बाकीचे असे गेले. पहिला काठ पुरा झाला तेव्हा तो साठवण्यासाठी नाव द्यायचं होतं. मी विचारलं, काय देऊ? अण्णा म्हणाले, "मिलिंद दी." मी इंग्रजी अक्षरांत दादाचं नाव टाइप केलं. पुढे दुसरा काठ पुरा झाला, मोरांचा, आणि मी पुन्हा नाव विचारलं. ते म्हणाले, "ताच." मी टाइप केलं, तर पडद्यावर एक ओळ आली. ती आम्ही कधी पाहिली नव्हती, कारण ती यायची वेळच आली नव्हती. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. "अण्णा, या नावाचं चित्र आहे. ते पुसू का? हो तर एच दाबा."

मी वाचून दाखवलं. अण्णांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग आईला हाक मारून तिलाही वाचायला लावलं.

"दुसरं नाव देते," मी म्हणाले. "नाहीतर पहिला काठ जाईल, अण्णा. परत मिळणार नाही."

"जावंदे."

"अहो, इतक्या दिवसांची मेहनत आहे. मिलिंद एक, मिलिंद दोन असं देऊ ना. नाव तेच राहील."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. थरथरतं बोट त्या एका बटणावर नेलं आणि तसंच वर धरून ठेवलं.

"दुसरा नाव दिला तर इचारुचो नाय तो," अण्णा म्हणाले, आणि बटण दाबलं.